वही मागून उघडणारी खाला

मला कुराण शिकवणाऱ्या खालासारखी बाई पालीपासून केळशीपर्यंत शोधून दाखवा, सापडली तर मी जन्मात आंबा खाणार नाही! खाला म्हणजे मावशी, पण ही आख्ख्या मोहल्ल्याचीच खाला. शाळेतून आलो की आम्ही सात-आठ पोरी डोक्यावर ओढणी घेऊन तिच्या पडवीत हजर. पण सबक, म्हणजे कुराणाचा पुढचा धडा, असाच नाही मिळायचा. आधी शाळेची वही दाखवा! आणि गंमत काय, तर खाला अरबी फाडफाड वाचायची, मराठीचं एक अक्षर नाही. त्यामुळे प्रत्येक वही ती अरबी किताबासारखी उजवीकडून उघडायची, म्हणजे आमच्या मागच्या पानावरून. आता वहीच्या मागच्या पानावर पोरी काय करतात हे मी सांगायला हवं का? फुली-गोळा, आणि मिशा काढलेल्या आमच्या बाई! एकदा माझी वही तिने उलटसुलट फिरवून बघितली. मग म्हणाली, "या गणिताला मिशा कशाला गो?" झालं, त्या दिवशी सबक बंद.

बाबा कुवेतला असतात. बारावीच्या वर्षी त्यांनी फोनवर सांगून टाकलं, कुराण पूर्ण झालं की गोड वाटायचं आणि संगमेश्वरचं स्थळ बघायचं, कॉलेज नको. माझा एकच सबक उरलेला! रडत पडवीत गेले. खालाने ऐकून घेतलं, सुपारी कातरली, आणि तो शेवटचा सबक द्यायचाच बंद केला. एक महिना, दोन महिने, चार महिने! शेवटी बाबांनी तिलाच फोन लावला. स्पीकर चालू होता, मी शेजारीच.

"खाला, पोर एवढी मठ्ठ आहे काय हो?"

"मठ्ठ नाय रे, मीच थांबवलंय." खोटं तिला जमतच नाही ना! "कॉलेजात नाव लागू दे, मग देते. अल्लाचा पहिला हुकूम काय आला? वाच. मुलग्यांनीच वाचा असं कुठं असलं तर दाखव."

बाबा काहीतरी पुटपुटले.

"कुवेतहून तुझी मराठी पत्रं यायची ना, ती घेऊन तुझी आई माझ्याकडे यायची. आम्ही दोघी नुसत्या बघत बसायचो त्या कागदाकडे."

मग बाबा म्हणाले, "फॉर्म भर म्हणावं तिला."

कोल्हापूरला नर्सिंगला माझं नाव लागलं त्याच दिवशी खालाने शेवटचा सबक दिला, गोडही स्वतःच वाटलं. मग पाटी पुढे सरकवून म्हणाली, "आता तू शिकव." आख्खी सुट्टी आम्ही अ, आ, इ गिरवलं. निघायच्या दिवशी तिने माझी नवी वही बघायला मागितली.

परवा तास फारच कंटाळवाणा झाला, म्हणून मी फुली-गोळा खेळायला शेवटचं पान उघडलं. तिथे वाकड्या, मोठ्ठाल्या अक्षरांत लिहिलं होतं: "पुढचं पान लिही गो."

खाला, लिहितेय. मागचं पान तुझंच.