थोरल्या काकांच्या दंडावरचा डाग

आमच्या थोरल्या काकांना दोन गोष्टींचा गर्व होता. एक पाटीलकीचा, दुसरा डाव्या दंडावरच्या टोचणीच्या डागाचा. लहानपणी नगरकडच्या इंग्रजी हद्दीत, आजोळी, कुणीतरी धरून त्यांना देवीची लस टोचली होती. आमच्या निजामी मुलखातल्या गावात असे लहानपणीच टोचलेले दंड दोनच. दुसरा काकूंचा, त्याही तिकडच्याच. पण काकूंचा डाग पदराखाली राहायचा. काकांचा मात्र पाहुण्यापुढे पानसुपारीच्या आधी यायचा.

मी तेव्हा पाली-मांजरसुंब्यापर्यंत पत्रकं वाटत हिंडायचो. मथळा माझाच: 'एकदा टोचलेल्यांनो, पुन्हा टोचून घ्या!' लस टोचत फिरणाऱ्या सरकारी माणसाला लोक देवी डॉक्टर म्हणत. तो सांगायचा, रोगाशी झुंजायला अंगाला एकदा शिकवलं तरी वर्षं सरतील तसं ते विसरतं. आणि म्हातारं अंग नव्या रोगापुढे लवकर वाकतं. हे मी काकांना ऐकवलं.

"जुन्या बाभळीला कीड लागती का बे?" काका म्हणाले.

मी विचारलं, भांड्यांना दर दिवाळीला कल्हई लागते, मग दंडालाच कावून न्हाई? काकांनी पत्रकं चुलीत घालायची धमकी दिली. माजघरात काकू हसल्या, ते मात्र मी ऐकलं.

त्या उन्हाळ्यात काकांच्या नातीला देवी आली. दाराला लिंबाचा डहाळा लागला, घरात फोडणी बंद झाली. रिवाज असा की ज्याला देवी येऊन गेली, त्यानंच त्या खोलीत जायचं. तसा माणूस घरचाच होता, आमचा सालगडी. तोंडभर वण. पण ते तोंड पाहुण्यांना दिसू नये म्हणून काका त्याला गोठ्यातच बसवायचे. त्याला माजघरात कसं घेणार? म्हणून काकांनी नवा शास्त्रार्थ काढला: टोचणीचा डाग म्हणजे वणच. आणि स्वतः नातीच्या उशाशी जाऊन बसले. मी घसा फोडून भांडलो. घरानं मला बाहेर बसवलं.

नात बरी झाली. तिच्या खपल्या पडत होत्या तोवर काकांना ताप चढला आणि अंगावर फोड उठले.

आता काकू आत निघाल्या. मी दारात आडवा झालो. आतून आवाज आला, "येऊ दे बे तिला. तिच्या दंडाला बी डाग हाय."

"काका, तुमच्याही दंडाला होताच की."

काकू उंबऱ्याशी थांबल्या. मग वळल्या आणि त्यांनीच गोठ्याकडे तोंड करून सालगड्याला हाक मारली. इतक्या वर्षांत तो पहिल्यांदा माजघराचा उंबरा ओलांडून आत आला. काकांचे ओठ ओल्या फडक्यानं पुसत म्हणाला, "मालक, तोंडं सारखी झाली आता आपली."

काका वाचले. देवी डॉक्टर म्हणाला, कल्हई सगळी उडाली नव्हती, राहिली होती तेवढ्यानं जीव तगला. काकांनी यातलं शेवटचं तेवढं ऐकलं. वणांनी भरलेलं तोंड घेऊन पारावर बसायचे, बाही वर करायचे आणि सांगायचे, "ह्या डागानं वाचलो." ऐकणारे माना डोलवायचे. माझ्या पत्रकांत तंबाखू बांधली जायची.

पुढे देवी डॉक्टर चावडीवर आला, तेव्हा टोचून घ्यायला कुणी फिरकलं नाही. पारावर काकांची बाही वर होती. तेवढ्यात काकू भर गावातून, काकांच्या समोरून चालत आल्या. पदर सावरला आणि दंड पुढे केला.

"करा दादा कल्हई. दिवाळीची वाट बघायला मी पातेलं न्हाई."