एतेल्काच्या चाकातले सराटे

किशहोमोक गावच्या वाळूत मक्यापेक्षा सराटेच जोमात येतात. त्यामुळे सायकली दुरुस्त करणाऱ्या बोल्दिझारला कामाची ददात नव्हती. टपाल वाटणारी एतेल्का तर आठवड्यातून एकदा तरी बसलेलं चाक ढकलत त्याच्या दारात यायची.

पाच मिनिटांचं पंक्चर बोल्दिझार अर्धा तास पुरवायचा. ट्यूब पाण्यात बुडवायची, बुडबुडा दिसला तरी न दिसल्यासारखं करायचं. तोवर ती बाकावर बसून आंबट चेरीचं सरबत पीत गावभरच्या गोष्टी सांगायची. दोघांचीही पन्नाशी उलटलेली, दोघंही एकटी. पण मनातलं बोलायला त्याची जीभ रेटत नसे.

एकदा नेमकं घरोघरी पेन्शन वाटायच्या दिवशी चाक बसलं. फाटकात ताटकळलेल्या म्हाताऱ्या तिला नाही नाही ते बोलल्या. ती डोळे पुसतच आली. या भल्या माणसाचा जीव कळवळला. त्याने शहरातून पंक्चरचं औषध मागवलं, दुधासारखं पांढरं, दाट, आणि व्हॉल्व्हमधून दोन्ही चाकांत भरलं.

"आता काटा घुसला तरी थांबू नका," तो म्हणाला. "चाक फिरलं की आतलं औषध भोकात जाऊन घट्ट बसतं. हवा जातच नाही."

"म्हणजे आता इकडे यायलाच नको?"

"नकोच मुळी!" तो फुशारकीने म्हणाला. स्वतःच्या पायावर असा धोंडा पाडून घेणारा माणूस साऱ्या गावात दुसरा नव्हता.

त्यानंतर ती रोज घंटी वाजवत दारावरून सुसाट जायची. बोल्दिझार तिच्या चाकांकडे बघत उभा राहायचा. एकदा तरी बसावं, असं मनात यायचं आणि लगेच स्वतःचीच लाज वाटायची. तिची त्याला फार आठवण यायची, समोरून जाताना तर जास्तच. अशी दोन वर्षं गेली.

सप्टेंबरात एका सकाळी ती दारात उतरली. त्याने लगबगीने पाण्याचं घमेलं पुढे ओढलं. चाकं मात्र टणक होती.

"काल निवृत्त झाले," ती म्हणाली. "मुलीकडे चाललेय, कायमची. ही सायकल नव्या टपालवाल्यासाठी नीट करून ठेवा." रस्त्यावर जावई गाडीचा हॉर्न वाजवत होता. "दोन वर्षांत एकही पंक्चर नाही हो. रोज वाटायचं, आज तरी बसेल मेलं."

"मग यायचं होतंत तशाच!"

"कशाला म्हणून? तुम्हीच म्हणालात ना, नको."

हॉर्न पुन्हा वाजला. ती गेली.

बोल्दिझारने सायकल उलटी केली आणि पुढच्या टायरमधला पहिला सराटा चिमट्याने उपटला. पांढरा थेंब वर आला. त्याने चाक फिरवलं, भोक बुजलं. मग दुसरा, मग तिसरा. उपटलेले काटे तो सरबताच्या पेल्यात टाकत गेला.

एकतीस निघाले. म्हणजे एकतीस अर्धे तास. मागच्या चाकाला हात लावायची त्याची हिंमत झाली नाही.