राहुरीच्या पुढं बसवलेलं तोंड

मामांच्या पेटीतलं एक मुंडकं मी वाटेत बाहेर काढलं. काढायला नको हुतं. संगमनेरच्या सफरीचं लिहितोय, तर हे आधीच सांगून टाकतो.

मामा भिंगारला शाळेत ड्रॉईंग शिकवतात. माकडापासून मानसापर्यंत तोंड कसं बदललं ते दाखवायला त्यांनी पुन्याच्या कॉलेजातून प्लास्टरची पाच मुंडकी मागून आनली. प्रदर्शन संगमनेरला. पेटी सांभाळायला मी.

तुमी जानार असाल तर सकाळची मोटार धरा. पेट्रोल लढाईवर गेलंय, मोटारी कोळशाच्या गॅसवर चालतात. भाडं पुरं घेतात आन् चढाला ढकलायला बी लावतात. राहुरीला गुळाचा चहा झकास. भजी नका खाऊ.

मोटारीत मामांनी पेटी उघडली. "बघा, जबडा आत गेला, भुवईचं हाड बसलं, कपाळ वर आलं."

शेजारच्या बांगडीवाल्या चाचांनी दुसऱ्या मुंडक्याकडं बोट केलं. "मास्तर, ह्ये तर आमचे सासरे! टोपी तेवढी न्हाई."

आख्खी मोटार हसली.

राहुरीच्या पुढं एका वस्तीपाशी क्लीनर कोळसा भरायला उतरला. मामांना डुलकी लागली. मी ते सासरे उचलले, लिंबाखालच्या दगडावर बसवले, ड्रायव्हरच्या देवापुढचा शेंदूर तेलात कालवून फासला. म्हनलं, चाचांना दाखवू, हसू, परत ठेवू. तेवढ्यात मामा जागे झाले, मोटार हलली, आन् माझी बोलायची छाती झाली न्हाई.

संगमनेरला पेटीत चारच. मामांचं तोंड उतरलं. "माझ्या शब्दावर दिलीत रे त्यांनी."

प्रदर्शन पंधरवडाभर चाललं. प्रवरेत पोहून घ्या, पानी लई गार. मी पोहलो, पन जीव लिंबाखाली.

परतताना मामांना पुढं धाडून मी वस्तीवर उतरलो. मुंडकं तिथंच हुतं, पुढं फुलं. एक म्हातारी त्याला पानी घालत हुती. मग तेलाचा तळवा कपाळावरनं, हनुवटीवरनं फिरवायला लागली, लेकराला न्हाऊ घालतात तसा.

"कुठला द्येव हा, आजी?"

"आपसूक आलाय." तिनं आवाज खाली घेतला. "पर तोंड माझ्या किसनाचं हाय. बर्मात लढाईवर गेलाय, कागद न्हाई. पयल्या दिशी वळखू आला न्हाई. रोज न्हाऊ घालते, तसा वळखू यायला लागलाय."

ती घागर भरायला वळली. मी हात घातला, तर शेंदराचा पोपडा निघाला. खाली जाड भुवई हवी हुती. न्हवती. पान्यानं भिजून, तळव्यानं झिजून हाड बसलं हुतं, जबडा आत गेलता. मामा म्हनलेले तस्संच, पन पंधरवड्यात. माझ्याच वयाचा कुनीतरी माझ्याकडं बघत हुता.

"हात नगं लावूस, बाबा," म्हातारी मागनं म्हनाली. "अजून नाक व्हायचंय त्याचं."

मी मोकळ्या हातानं भिंगारला आलो. 'माझ्या हातनं फुटलं,' असं मामांनी कॉलेजाला कळवून टाकलंय. आता त्यांना तिथनं खडू बी मिळायचा न्हाई. मला सकाळी तोंड धुताना कपाळावरनं हात फिरवायची भीती वाटते.

तुमी त्या वाटेनं जाल. जा, बघा, वाटलं तर फूल ठेवा. मामांना एक वेळ सांगितलंत तर मी मार खाईन. पन पाया पडतो तुमच्या, ते कुठनं आलं हे वस्तीत कुनाला सांगू नका. म्हातारीला तर न्हाईच न्हाई.