चंपतरावांची किनार

नागपूरच्या तांडापेठेत तेव्हा घरोघरी हातमाग होते आणि माग म्हटला की खड्डा आलाच. विणकर त्या खड्ड्यात पाय सोडून बसे, त्यामुळे त्याची नजर येणाऱ्याजाणाऱ्याच्या गुडघ्याच्या वर कधी जात नसे. चंपतराव उमेदीची सगळी वर्षं तसे बसले आणि माणसं पायांवरून ओळखायला शिकले. मान वर न करता ते दारातल्या नत्थूला विचारत, काहून गा लंगडून राहिला? कांताबाईचा मुलगा चैत्राच्या उन्हात अनवाणी शाळेला जाताना दिसला, तर पुढच्या बाजारातून त्याच्यासाठी चपला आल्या. घरात बायकोच्या, गोपिकेच्या चपलेचा अंगठा तुटून महिना झालेला मात्र यांना दिसला नाही, असं गोपिका चारचौघींत सांगे. चंपतराव आडव्या सुताचा धोटा फेकत हसत.

कामाला मात्र वाघ. कोंबडं आरवायच्या आत खटखट सुरू व्हायची, ती दिवेलागणीपर्यंत. गोपिका शेजारच्या खोलीत धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या भरे आणि आवाजावरून सगळं ओळखे. आवाज थबकला म्हणजे सूत तुटलं, लगेच सुरू झाला म्हणजे सांधलं.

त्यांची एक किनार होती. लेक वच्छला झाली त्या वर्षी त्यांनी ती मागावर बसवली. लहानसं फूल, त्याला दोन बाजूंनी पान. मागाच्या फणीच्या दातांत कुठला दोरा कुठून घालायचा ते फक्त त्यांच्या बोटांना ठाऊक होतं, आणि पुन्हा घालायची कधी वेळही आली नाही. कारण एक ताणा, म्हणजे मागावरचं उभं सूत, संपला की त्याची टोकं फणीत तशीच ठेवायची आणि नव्या ताण्याचा एकेक दोरा त्यांना जोडायचा, ही रीतच आहे. जोडायचं काम गोपिकेचं. त्याच जुळणीवर कधी धोतर निघे, कधी लुगडं. गोपिकेसाठी मात्र त्या किनारीचं एकही लुगडं निघालं नव्हतं. "तुह्यं शेवटी," ते म्हणत.

बहात्तर साली वच्छलाचं लग्न ठरलं, वैशाखातलं. चंपतरावांनी वांगी रंगाचं सूत रंगवून घेतलं आणि खुंटीला टांगून ठेवलं. मागावरचं पांढरं धोतर संपलं की पुढचा ताणा लेकीचा. ते वच्छलाला म्हणाले, "तू निघशीन तवा मी इथंच खड्ड्यात बसून राहीन. तुह्या पायावर माही किनार पाहिली की माहं झालं."

माघातल्या एका सकाळी खटखट थांबली. सूत तुटलं असेल, असं गोपिकेला वाटलं. तिनं हातातली कांडी पुरी भरली. दुसरी घेतली, तीही भरली. मग तिला ती शांतता ऐकू आली. चंपतराव मागावर ओणवे पडले होते, धोटा हातात होता. कसलं दुखणं नाही, खुपणं नाही. त्या दोन कांड्या गोपिकेला पुढं जन्मभर पुरल्या.

त्या गल्लीत विणकराला त्याच्याच मागावरच्या कापडात स्मशानात नेत. चंपतरावांचे धाकटे भाऊ धोंडबा, जे माग सोडून गिरणीत लागले होते, ते वहिनीला म्हणाले की मी दुकानातून पांढरं कापड आणतो, धोतर अर्धंच झालं आहे. गोपिकेला ते सोसलं नाही. ज्यानं सगळ्या नागपुराला नेसवलं, तो बाजारच्या कापडात जाणार? पुरुष बाहेर बांबू बांधत होते. "मीच कापतो," ती म्हणाली आणि तिनं कात्री घेतली.

ताणा मागच्या खुंटाला दोरानं करकचून ताणलेला असतो. कापड उतरवायचं तर आधी तो दोर सैल करायचा, आणि कापता कापता सुताच्या जुड्यांना गाठी मारायच्या, म्हणजे टोकं फणीत अडकून राहतात. शेंबड्या पोरालाही हे ठाऊक. गोपिकेनं तर हजारदा पाहिलेलं. पण त्या सकाळी तिला एवढंच कळत होतं की बाहेर माणसं खोळंबली आहेत. तिनं सरळ कात्री चालवली. कापड हातात आलं आणि दोरे सरसर मागे निसटले. तिनं तिकडं पाहिलंही नाही.

पाहिलं ते लोक परतल्यावर. फणी रिकामी होती. एक दोरा राहिला नव्हता. किनार चंपतरावांच्या अंगावर होती आणि चंपतराव आता कुठंच नव्हते.

लग्न वर्षाच्या आतच उरकावं, असं दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी ठरवलं. म्हणजे वैशाख तोच. गोपिका वेड्यासारखी किनार शोधत फिरू लागली. इतवारी बाजारातले दुकानदार म्हणाले की तो माल कधीच खपला, आता गिरणीचं पातळ चालतं. मग ती बाजारात बायांच्या पायांकडं बघत हिंडायची. बाया चपापून पदर सावरत. शेवटी बुधवारी बाजारात भाजी विकणाऱ्या एका म्हातारीच्या अंगावर ती किनार दिसली. गोपिका मातीत बसली, तिनं ते लुगडं दोन्ही हातांत धरलं आणि ढसाढसा रडली. म्हातारीनं कारण विचारलं नाही. नेसूचा काठ फाडून तिनं गोपिकेच्या हातावर ठेवला.

धोंडबांनी गिरणीतून रजा काढून त्यावरून फणी भरली. पण काठ झिजलेला, कडेला ठिगळ. गेलेल्या जागी त्यांनी अंदाजानं दोरे घातले आणि वीतभर विणून दाखवलं. फूल होतं, पानंही होती. गोपिकेनं त्यावरून बोट फिरवलं.

"हे त्याईचं नाही, भाऊजी," ती म्हणाली.

धोंडबांनी ते उकललं. पुन्हा भरलं, पुन्हा उकललं. असं करता करता वैशाख आला आणि वच्छलासाठी दुकानातून लुगडं आणावं लागलं. वांगी सूत खुंटीलाच राहिलं.

पाठवणीच्या वेळी गोपिका मागाच्या खोलीत होती. विधवेनं शुभकार्यात पुढं यायचं नाही, हा आपला शहाणपणा. बापाच्या मागे जिनं एकटीनं लेकीचं लग्न उभं केलं, तिनंच आत बसायचं. वच्छला तिच्या पाया पडायला आत आली. गोपिकेनं तिच्या तोंडावरून हात फिरवला आणि इतके दिवस कुणापाशी न बोललेलं बोलली.

"तुह्या बापाची किनार म्या माह्या हातानं तोडली वं."

"बाबा ते पांघरूनच गेले ना आई," वच्छला म्हणाली. तिला आणखी काही बोलायचं होतं, पण बाहेरून हाका सुरू झाल्या.

ती वळली, तेव्हा गोपिका खड्ड्यात उतरली. बाईमाणसानं तिथं कधी बसायचं नसतं. ती चंपतरावांच्या जागेवर बसली, पाय खाली सोडले, आणि तिची नजर बरोबर उंबऱ्यावर आली. इथूनच त्यांना बघायचं होतं.

उंबऱ्यावर वच्छलाचे पाय आले. ताजी मेंदी, नवी जोडवी, आणि त्यांवर लोळणारी कुणा परक्याची किनार. पाय पलीकडं उतरले. गोपिका रिकाम्या फणीवर हात ठेवून उंबऱ्याकडं बघत राहिली, आणि बाया शोधायला आल्या तरी ती खड्ड्यातून उठेना.