नऊ खुर्च्यांची पाहणी

सायकलवाल्याला चाकापलीकडे काही सुचत नाही, असं मिस्त्रीची बायको म्हणायची. शेवटची सहा वर्षं ती स्वतःच चाकांच्या खुर्चीत होती, तेव्हा मात्र तिने ही तक्रार केली नाही. खुर्ची करकरायच्या आत मिस्त्री तिचे छर्रे काढून ग्रीस भरत बसलेला असे. ती गेल्यावर त्याने सायकलचं दुकान पुतण्याच्या हवाली केलं आणि वस्तीतल्या म्हाताऱ्या, अपंग माणसांच्या व्हीलचेअर फुकट दुरुस्त करायला घेतल्या. शाळेतून निवृत्त झालेल्या मुख्याध्यापिकांनी त्या कामाला संस्थेचं नाव दिलं. संस्था म्हणजे तरी काय, या बाई, मिस्त्री आणि सभागृहामागची एक भाड्याची खोली.

खोलीचं भाडं एक खाजगी फाउंडेशन देत असे. पहिल्या वर्षी त्यांनी भाड्यासोबत नऊ कोऱ्या व्हीलचेअरही दिल्या, प्रत्येकीच्या पाठीवर फाउंडेशनच्या नावाची पट्टी लावून. खुर्च्या देखण्या होत्या, फक्त वस्तीतल्या एकाही घराच्या दारातून आत जात नव्हत्या. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते हेच. आता अनुदान घेताना ‘तुमची खुर्ची रुंद आहे हो’ असं सांगायची छाती कोणाची? मिस्त्रीने आठवडाभर त्या खुर्च्यांकडे नुसतं पाहिलं, मग पाना उचलला. नवी चाकं जुन्या, अरुंद खुर्च्यांना चपखल बसली आणि वर्षानुवर्षं घरात अडकलेली नऊ माणसं रस्त्यावर दिसू लागली. नवे सांगाडे खोलीत भिंतीला टांगलेले राहिले. बाईंनी अहवालात लिहिलं, ‘नऊ खुर्च्या वापरात आहेत.’ ते धड खोटं नव्हतं आणि धड खरंही नव्हतं.

वर्ष सरलं आणि पत्र आलं. गुरुवारी सकाळी दहा वाजता फाउंडेशनच्या अधिकारी येतील, दिलेल्या वस्तू शाबूत आहेत का ते पाहतील आणि मग पुढच्या दोन वर्षांचं ठरेल.

“जोडा,” बाई म्हणाल्या.

“काय जोडू?”

“नऊच्या नऊ. एका सकाळपुरत्या. पाहणी झाली की ज्याची चाकं त्याला परत.”

“आणि लोकांनी तोवर काय करायचं?”

“दोन तास बसून राहायचं. ही खोली गेली तर जन्मभर बसून राहतील, मिस्त्री.”

वेल्डिंगचं मशीन, सुटे भाग, टेकू दिलेल्या अर्धवट खुर्च्या, सगळं त्या खोलीत होतं. खोली नाही तर काम नाही. तो हो म्हणाला.

गुरुवारी उजाडताच तो हातगाडी घेऊन घरोघर चाकं काढून आणायला गेला. कोणी नाही म्हटलं नाही, उलट चहा पुढे केला, आणि तेच मिस्त्रीला जास्त लागलं. शेवटचं घर दोन गल्ल्या पलीकडे शिवणकाम करणाऱ्या ताईंचं. कमरेखाली त्यांना हालचाल नव्हती, तोंडाने मात्र त्या साऱ्या गल्लीला पुरून उरत. मुलगी कामावर जायच्या घाईत होती. तिने आणि मिस्त्रीने मिळून ताईंना मशीनसमोरच्या बाकावर बसवलं.

“न्या, पण बारापर्यंत आणा,” ताई म्हणाल्या. “मोरी त्या टोकाला आहे. ही संध्याकाळी येणार, आणि मला उचलायचं तर दोन पैलवान लागतात.”

“साडेअकरालाच आणतो, ताई.”

दहाच्या आत नऊ खुर्च्या खोलीत ओळीने उभ्या राहिल्या. दहा वाजले, साडेदहा वाजले. अकराला मॅडमचा फोन आला, रस्त्यात अडकलेय, निघालेच आहे. साडेअकराला मिस्त्रीने पाना हातात घेतला तेव्हा बाईंनी त्याचं मनगट धरलं. चाळीस वर्षं पोरांना धाकात ठेवलेली ती पकड होती. मिस्त्रीने पाना खिशात टाकला. स्वतःची चीड येत होती, बाईंची येत होती आणि त्या न आलेल्या मॅडमची तर फारच.

मॅडम बारा वाजून पाच मिनिटांनी आल्या. तरुण होत्या, आल्या आल्या उशिराबद्दल दोनदा माफी मागितली. माणूस वाईट असता तर निदान मनात शिव्या तरी घालता आल्या असत्या. त्यांनी एकेक पट्टी वाचली, खुर्च्या मागेपुढे ढकलून पाहिल्या.

“काका, किती छान जपल्यात. वर्षभरात एक ओरखडा नाही.”

बाई कसंबसं हसल्या. मिस्त्रीने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. बारा वीस.

“माझी शिफारस तयार आहे,” मॅडम हातातल्या टॅबवर बोट फिरवत म्हणाल्या. “सगळ्या खुर्च्यांचा एक फोटो जोडून इथूनच पाठवते.”

“एक खुर्ची बाजूला घेतली तर चालेल?”

“फोटोत नऊही लागतात, काका. पाचच मिनिटं. नेटवर्क जरा येऊ दे.”

नेटवर्क येईना. मॅडम टॅब घेऊन खिडकीशी गेल्या, दाराशी गेल्या, परत आल्या. बारा तीस. मिस्त्रीला डोळ्यांसमोर ताई दिसत होत्या, एकट्या, बाकाची कड धरून बसलेल्या. बायको आजारी असताना एकदा त्याला दुकानातून यायला उशीर झाला होता. घरी पोहोचल्यावर तिने मान फिरवली होती आणि दिवसभर त्याच्याकडे पाहिलं नव्हतं. तो कडेच्या खुर्चीपाशी गुडघ्यावर बसला आणि त्याने नटाला पाना लावला.

“मिस्त्री,” बाई हळूच म्हणाल्या.

“काका, काय करताय?”

“ही चाकं एका बाईंची आहेत, मॅडम. सगळीच कोणाची ना कोणाची आहेत. तुमच्या खुर्च्या दारातून जाईनात म्हणून मी मोडल्या. आज तुम्हाला दाखवायला लोकांची चाकं काढून आणली.” एवढं बोलून तो दुसऱ्या बाजूला सरकला.

मॅडमनी टॅब खाली केला. “मग मला ‘शाबूत’ असं लिहिता येणार नाही.”

“नका लिहू.”

बाई स्टुलावर बसल्या. मिस्त्रीने दोन्ही चाकं खांद्यावर घेतली आणि तो त्या दोन गल्ल्या अक्षरशः धावला.

ताई बाकावरच होत्या. चेहरा घामाने थबथबला होता, दात आवळलेले होते. चाकं बसवून मिस्त्रीने शेजारच्या दोघांना हाक मारली. तिघांनी त्यांना खुर्चीत घातलं आणि ताई थेट मोरीत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा चेहऱ्यावर रंग परतला होता. त्यांनी पहिला प्रश्न विचारला.

“मिळालं का?”

“नाही.” मग त्याने सगळं सांगितलं. सांगताना त्याला थोडं हलकंही वाटत होतं, चार चांगले शब्द कानावर पडतील असंही वाटत होतं.

ताईंनी खुर्ची त्याच्याकडे वळवली.

“पाच मिनिटं राहिली होती?”

“हो. पण ताई, तुम्ही इथे...”

“मी इथे धरून बसले होते. सव्वाबारापर्यंत धरलं, साडेबारापर्यंत धरलं. म्हटलं, आठ जणांच्या खुर्च्या त्या खोलीवर चालतात, बाई, धर अजून. आणि तुम्ही तिकडे हरिश्चंद्राचा अवतार घेतलात.” त्यांचा आवाज चढला नाही, फुटला. “खिशात फोन होता ना, मिस्त्री? एकदा मला विचारलंत?”

मिस्त्रीने नकळत खिशावर हात ठेवला. त्याने विचारलं नव्हतं. त्याला ते सुचलंच नव्हतं.

“जा आता,” ताई म्हणाल्या आणि मशीनकडे वळल्या. “बाकीचे आठ जणही बसलेत.”