गाडीतली जागा

गोकुळनं छोटी गाडी घेतली तेव्हा घरात चार माणसं होती. तो स्वतः, बायको तनुजा, लेक श्रेया आणि त्याची माय साळूबाई. शहराच्या कडेला सातारा परिसर नावाची वस्ती, तिथं गल्लीच्या टोकाला त्यांचं घर. समोर पाण्याचा टँकर उभा राहिला की मोटरसायकलसुद्धा तिरकी करून काढावी लागायची. तनुजाला तेव्हा पाचवा महिना होता.

"जरा मोठी बघा की," ती म्हणाली होती. "घरात माणसं वाढायलीत."

"गल्लीत वळली तर पाहिजे. मी कंपनीच्या बसनं चितेगावला जातो. महिन्यातून दोनदा गावाकडं जायला हत्ती कशाला बांधायचा दारात?"

त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. गाडी लहान, पण गुणी होती. गल्लीत एका झटक्यात वळायची. ऊन लागलं की एसी लावून साळूबाई पुढं बसायची आणि गंगापूर येईपर्यंत झोपून जायची.

सत्यम वर्षाचा झाल्यावर त्याचं जावळ गावाकडं काढायचं ठरलं. गाव गंगापूरच्या पलीकडं. तनुजाची धाकटी बहीण संध्या आणि तिचा नवरा आकाश सिल्लोडहून मोटरसायकलवर आले. त्यांची दहा वर्षांची मुलगी संस्कृती आदल्या दिवशीच मावशीकडं येऊन राहिली होती. जावळ झालं, जेवणं झाली, एप्रिलच्या उन्हात सगळे परतीला निघाले. गाडीत गोकुळ, पुढं माय, मागं तनुजा, तिच्या मांडीवर सत्यम, आणि श्रेया, संस्कृती. डिकीत भांडी. मागं पोरांचा दंगा चालू होता, मायचा डोळा लागला होता, तेवढ्यात संध्या पदर डोक्यावर घेऊन गोकुळच्या खिडकीशी आली.

"दाजी, मलाबी घ्या की आत. ऊन लई हाय."

"बसत नाय गं. वजनानं टायर घासायलंय," गोकुळ म्हणाला, आणि गाडी पुढं काढली.

शहर वीसेक किलोमीटरवर राहिलं असताना एका ट्रकनं मागच्या मोटरसायकलला उडवलं. आकाश जागेवर गेला. संध्या दवाखान्यात नेईपर्यंतसुद्धा राहिली नाही.

ट्रकवाल्यावर केस झाली, ती चालू राहिली. दहावं-तेरावं झालं. संस्कृतीला तिचे आजोबा, आकाशचे वडील तात्यासाहेब सिल्लोडला घेऊन गेले. गोकुळला कोणी बोल लावला नाही. लावणार तरी कसा, खिडकीशी झालेलं ते बोलणं त्यानं कोणालाच सांगितलं नव्हतं, आणि गाडीतल्या दंग्यात ते कोणी ऐकलं नसणार असं तो धरून चालला होता. एवढं मात्र झालं की गोकुळनं गावाकडं जाणं सोडलं. शेत चुलतभावाला वाट्यानं दिलं. साळूबाई म्हणायची, "मला एकदा गावात तरी सोड रे बाबा," तर तो सुट्टी नाही म्हणून सांगायचा, आणि शेवटी ती बिचारी एसटीनं एकटीच जाऊन यायची.

दोन वर्षांनी संस्कृतीची आजी अंथरुणाला खिळली. तात्यासाहेबांना घर आणि आजारपण दोन्ही रेटेना. जून लागायच्या आत तनुजा सिल्लोडला गेली आणि बहिणीच्या मुलीला घेऊन आली. जवळच्या शाळेत सातवीत नाव घातलं. घरात आता सहा माणसं झाली.

पोरगी शहाणी होती, नको तितकी शहाणी. मागायची काही नाही. ताटात पडेल ते खायची, श्रेयाची वेणी घालायची, सत्यमला खेळवायची. फक्त गाडी निघाली की तिला हटकून काहीतरी आठवायचं. अभ्यास राहिलाय. पोट दुखतंय. "तुम्ही जा मावशी, मी घरी थांबते." गणपती पाहायला गेले तेव्हा थांबली, लग्नाला गेले तेव्हा थांबली. गोकुळला वाटलं, गाडीत दाटी होते म्हणून बिचारी अंग चोरतेय.

तात्यासाहेब एकदा नातीला भेटायला आले. जाताना बसस्टँडवर गोकुळला बाजूला घेऊन म्हणाले, "गोकुळराव, पोरगी जड होत असंल तर मनमोकळं सांगा. म्हातारीचं कसंबी बघतो मी. फोनवर म्हणली, सगळे गाडीत गेलेत, मी घरी हाये. दोनदा म्हणली."

गोकुळला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "तसं नाय तात्या," तो म्हणाला.

त्या दिवसापासून तनुजानं मोठ्या गाडीचा विषय लावून धरला. गोकुळ दर वेळी नवं कारण पुढं करायचा. तिसऱ्या रांगेत गुडघे छातीला लागतात. सगळे बसले तर सामान कुठं ठेवायचं? मायचे गुडघे गेलेत, एवढ्या उंच पायरीवर ती चढणार कशी? गल्लीत उभी कुठं करणार? त्यातलं एकही कारण खोटं नव्हतं. पण खरी गोष्ट निराळी होती. मोठी गाडी दारात आली असती तर रोज सकाळी तिनं त्याला विचारलं असतं, चार वर्षांपूर्वी मला का नाही आणलंस?

शेवटी तनुजानंच वहाबभाईंना फोन केला. वहाबभाई जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री करायचे, गोकुळची छोटी गाडीही त्यांच्याच हातची. रविवारी सकाळी ते एक सात जणांची गाडी घेऊन गल्लीत आले.

"गोकुळभाई, लेना न लेना बाद में. पहले सबको बिठाके तो देखो," ते म्हणाले. "घरची माणसं बसली की गाडी आपोआप कळते."

साळूबाईला चढायला खालून पाट ठेवावा लागला. चढली एकदाची, आणि खूश झाली. श्रेया आणि सत्यम मागच्या रांगेत उड्या मारायला लागले. तनुजा मधल्या रांगेत बसली आणि शेजारच्या जागेवर हात ठेवून म्हणाली, "ये गं संस्कृती."

संस्कृती ओट्यावर उभी होती. तिनं मान हलवली. तनुजानं पुन्हा बोलावलं, तशी ती मागं सरकली आणि भिंतीला टेकून खाली बसली. वहाबभाई जाणता माणूस. "बच्चों को एक चक्कर मारके लाता हूँ," म्हणाले आणि बाकीच्यांना घेऊन गेले.

गोकुळ ओट्यावर बसला. म्हणाला, "ह्या गाडीत जागा लई हाय, बेटा. कुणाची अडचण व्हायची नाय."

"मला जागा नको, काका."

"का गं?"

"त्या दिवशी आई मला म्हणाली होती, तू पप्पांच्या मागं बस, मी गाडीत बसते. मी नाही म्हणाले. मला एसीत बसायचं होतं." ती रडत नव्हती. शाळेतलं पाठ केलेलं म्हणून दाखवावं तसं बोलत होती. "मी उठले असते तर आई राहिली असती."

अडीच वर्षं त्यानं जे छातीशी धरून ठेवलं होतं तेच ह्या पोरीनंही धरून ठेवलं होतं, आणि तिला ते धरायचं काही कारणच नव्हतं. गप्प बसला असता तरी चाललं असतं. तिला जवळ घेऊन 'तसं नसतं बाळा' म्हणता आलं असतं. पण ते त्याच्यानं झालं नाही.

"तुला विचारल्यावर तुझी आई माझ्याकडं आली होती," तो म्हणाला. "खिडकीपाशी. मला आत घ्या म्हणली. मी बसत नाय म्हणलो. एक माणूस बसलं असतं, संस्कृती. कसंबी बसलं असतं. तू ल्हान होतीस. नाय म्हणणारा मी होतो."

संस्कृतीनं त्याच्याकडं पाहिलं. मग उठून घरात गेली आणि आतून कडी लावली.

चक्कर मारून आलेल्या तनुजाला त्यानं सगळं सांगितलं. ती ऐकून घेईल, मग रडेल, किंवा माहेरी निघून जाईल, असं त्याला वाटलं होतं. ती भांडी आवरत म्हणाली, "मला ठाऊक हाय. मी गाडीतच होते ना."

"मग अडीच वर्षं बोलली का नाहीस?"

"काय बोलू? ये, माझ्याजवळ बस, असं मी तरी कुठं म्हणले संध्याला? सत्यम किरकिर करत होता. मलाबी दाटी नको होती." हातातलं पातेलं तिनं खाली ठेवलं आणि ती तिथंच खाली बसली.

त्यानंतर आठवडाभर संस्कृती गोकुळशी बोलत नव्हती. तो कंपनीतून आला की ती आतल्या खोलीत जायची. त्याला वाटायचं, आपण खरं सांगून पोरीच्या डोक्यावरचं ओझं उतरवलं की तिचं उरलंसुरलं माणूस तोडलं? कामावर त्याचं लक्ष लागेना. वहाबभाईंचा दोनदा फोन आला, दुसरं गिऱ्हाईक आहे म्हणाले. दुसऱ्या फोनवर गोकुळ म्हणाला, "द्या पाठवून. ही जुनी घेऊन जा." तनुजाला न विचारताच त्यानं हे ठरवलं.

मोठी गाडी आली. त्यानं सांगितलेल्या सगळ्या अडचणी खऱ्या निघाल्या. गल्लीत वळवायला तिला तीनदा मागंपुढं करावं लागायचं. शेजारी कुरकुरले. साळूबाईचा पाट कायमचा गाडीत ठेवावा लागला. संस्कृती पंधरा दिवस गाडीजवळसुद्धा गेली नाही.

मग एका सकाळी गोकुळ डबा घेऊन बससाठी निघत होता, तेव्हा ती गणवेशात त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"काका, ती जागा मला बघायचीय."

"कोणती?" त्यानं विचारलं, पण त्याला कळलं होतं.

"जिथं झालं ती. त्या दिवशी आम्हाला घरी सोडून तुम्ही एकटेच गेलात, नंतरही मला कुणी नेलंच नाही."

"माझ्याच्यानं व्हायचं नाय, बेटा," असं त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण तो म्हणाला, "रविवारी जाऊ."

रविवारी सगळेच निघाले. संस्कृती मागच्या रांगेत एकटी बसली. अडीच वर्षांत गोकुळ त्या रस्त्यानं पहिल्यांदाच गाडी चालवत होता. अपघाताच्या जागी त्यानं ती कडेला घेतली. तिथं काहीच नव्हतं. बाभळीचं एक झाड, ज्वारीचं रान, उसाच्या रसाचं बंद पडलेलं गुऱ्हाळ. संस्कृती उतरली.

"ट्रक कुठून आला?"

त्यानं हातानं दाखवलं.

"आणि आपली गाडी कुठं होती?"

"पुढं. त्या वळणाच्या पलीकडं. मागून फोन आला तवा कळलं."

तिनं वळणाकडं पाहिलं, मग रस्त्याकडं पाहिलं. परत येताना ती मागं गेली नाही. मधल्या रांगेत मावशीशेजारी बसली आणि तिनं दार स्वतःच ओढून घेतलं. गाडी सुरू करायला गोकुळला जरा वेळच लागला.