पाच जणांचं इंजिन

आमच्या दाजींना, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला, सगळे कानसेन म्हणतात. गाण्यातलं त्यांना ओ की ठो कळत नाही. पण बॉनेट न उघडता, नुसतं इंजिन ऐकून दुखणं सांगणारा दुसरा मेकॅनिक मी पाहिलेला नाही. अडतीस वर्षं लोकांच्या गाड्या धावत्या केल्या आणि स्वतः मात्र स्कूटर दामटली.

गॅरेज बंद केल्यावर त्यांनी गाडी घ्यायची ठरवली. ऐसपैस डिकीची, पाच जणांची. मॉडेल एकच, पण इंजिनं दोन: बाराशे सीसी आणि पंधराशे सीसी. या दोहोंत दाजींनी तीन महिने असा घोळ घातला की मी वैतागलो.

"तुम्ही दोघंच तर बसणार. बाराशे घ्या आणि मोकळे व्हा."

"दोघं कशी? पाच!" दाजी उसळले. "पाच जण आणि सामान घेऊन तलावाची चढण बाराशेला झेपायची नाही."

पाच म्हणजे हे दोघं आणि परदेशातली तिघं: मुलगा, सून, नात. पाच वर्षांपूर्वी ती तिघं आली होती तेव्हा टेकडीवरचा तलाव बघायला निघाली आणि भाड्याची गाडी अर्ध्या चढणीवर बसली. नात भोकाड पसरून रडली. "पुढच्या वेळी आजोबांच्या गाडीतून जायचं," असा शब्द दाजींनी दिला होता. ती ‘पुढची वेळ’च ते धरून बसले होते. मलाही ते दिसत होतं, पण माझं तोंड फटकळ, म्हणून गप्प राहिलो.

शेवटी बाराशेची ट्रायल घ्यायला आम्ही शोरूमला गेलो. दाजींनी टेम्पोतून पाण्याचे भरलेले कॅन आणले होते. वीस लिटर म्हणजे वीस किलो, असा त्यांचा हिशेब. मुलाचे चार, सुनेचे तीन, नातीचा एक. ते मागच्या सीटवर चढवू लागले तशी शोरूममधली मुलगी धावत आली.

"काका, सीट भिजेल हो!"

"झाकणं घट्ट आहेत, बाळा. माणसं बसवल्याशिवाय गाडी कशी कळणार?"

ताई इतका वेळ बाजूला उभी होती. ती हळूच म्हणाली, "अहो, नातीचा एकच कॅन? ती आता बारा वर्षांची झालीय."

दाजींच्या हातातला कॅन हातातच राहिला. मग त्यांनी तो खाली ठेवला, शर्टाला हात पुसले आणि तिथूनच नातीला स्पीकरवर फोन लावला.

"छकुले, तुझं वजन किती गं?"

"आजोबा! असं कुणी विचारतं का?" ती खळखळून हसली. "एकेचाळीस. का?"

"गाडी घेतोय. तुला तलावावर न्यायचंय ना."

"कुठला तलाव?" आणि लगेच, "पण आम्ही या वर्षी पण नाही येत. बाबानं सांगितलं नाही?"

"सांगितलं की," दाजी म्हणाले. "मीच विसरलो बघ."

मुलानं काही सांगितलं नव्हतं, हे मला पक्कं ठाऊक आहे. मला त्या पोराचा इतका राग आला की विचारू नका. दाजींनी मात्र एकेक कॅन उतरवून परत टेम्पोत ठेवला. मी हात लावायला गेलो तर, "राहू दे, माझे मी नेतो," म्हणाले. ट्रायल न घेताच त्यांनी बाराशेचं बुकिंग केलं.

गाडी आल्यावर पहिल्याच रविवारी दोघं तलावावर गेली. संध्याकाळी मी ताईला विचारलं, गाडी कशी आहे?

"चढली की. कुठे अडखळली नाही, कुरकुरली नाही," ती म्हणाली. "वर पोचल्यावर इंजिन बंद करून यांनी मागच्या रिकाम्या सीटकडे वळून पाहिलं. मग म्हणाले, थोडी तरी दमायला हवी होती गं."